शाल्ल्यापासून कुडीग्रामपर्यंत : ‘ब्रॅक’ची पन्नास वर्षे

बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यात, मेघालयाच्या डोंगरांच्या पायथ्याशी ‘हाओर’ नावाचा सखल प्रदेश आहे. पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी इथे उतरते आणि वर्षातले पाच-सहा महिने गावे बेटांसारखी पाण्यात उभी राहतात. भाताचे पीक एकच, बाकीचे दिवस मासेमारीवर काढायचे. सुनामगंजमधला शाल्ला हा भाग याच हाओरात आहे. १९७१ च्या युद्धात इथली गावेच्या गावे जाळली गेली. वस्ती बहुतांशी हिंदू कोळी आणि शेतमजुरांची होती. जीव वाचवून ती भारतात आली. देश स्वतंत्र झाल्यावर, १९७२ च्या सुरुवातीला माणसे परतू लागली तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हते, होडी नव्हती, जाळे नव्हते आणि नांगराला बैलही नव्हते.

‘ब्रॅक’चा जन्म या शाल्ल्यातला. गरिबातल्या गरीब माणसाला धंद्यावर उभे करण्याच्या कामात आज जगभर तिचे नाव घेतले जाते. पण या नावामागे नुसते कर्जवाटप नाही, हे बचत गटांच्या कामात असलेल्या आपल्यासारख्यांनी नीट समजून घ्यायला हवे. पैसे दिल्यावर पुढे काय होते, हे ही संस्था पन्नास वर्षे पाहत राहिली आणि पाहिले ते मान्य करून आपले काम बदलत गेली. तिच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

संस्थापक फझले हसन आबेद यांचा जन्म १९३६ चा, सिल्हेट भागातल्या बानियाचोंगचा. ग्लासगोत जहाजबांधणी शिकायला गेलेला हा तरुण पुढे लंडनमध्ये हिशेबनीस झाला आणि १९७० साली चितगावला शेल कंपनीत अर्थविभागाचा प्रमुख होता. त्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले आणि लाखो माणसे गेली. मित्रांना घेऊन आबेद मनपुरा बेटावर मदतीला गेले. कंपनीतल्या सुखवस्तू आयुष्याला काही अर्थ उरला नाही, असे त्यांना तिथेच वाटू लागल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. युद्धाच्या काळात ते लंडनला गेले आणि बांगलादेशासाठी निधी व पाठिंबा गोळा करत राहिले. स्वातंत्र्यानंतर लंडनमधला स्वतःचा फ्लॅट विकला आणि ते पैसे घेऊन ते शाल्ल्याला आले. संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या कवयित्री बेगम सूफिया कमाल. सुरुवातीचे नाव ‘बांगलादेश पुनर्वसन साहाय्य समिती’ होते. वर्षभरात त्यातले पुनर्वसन जाऊन ‘ग्रामीण प्रगती’ आले. आद्याक्षरे तीच राहिली आणि त्यांचेच ‘ब्रॅक’ झाले.

पहिल्या वर्षी ऑक्सफॅमच्या मदतीने घरे उभी राहिली. आसामातून बांबू खरेदी करून नदीच्या प्रवाहात सोडले आणि वाहतूक जवळजवळ फुकटात झाली. काही महिन्यांत दहा हजारांवर घरे बांधून झाली. मच्छीमारांना होड्या मिळाल्या, जाळी विणायला नायलॉनचे सूत मिळाले. वर्ष सरताना मदतकार्याचा हिशेब चोख होता. पण आबेदभाई (संस्थेतला शिपाईसुद्धा त्यांना आबेदभाईच म्हणे) तिथे थांबायला तयार नव्हते. घर मिळाले, पण घरातली माणसे होती तितकीच गरीब राहिली होती. मग प्रौढ साक्षरता वर्ग, सहकारी मंडळ्या, शेती सुधारणा असा मोठा कार्यक्रम आखला गेला. १९७४ साली छोटी कर्जेही सुरू झाली.

आणि यातले बरेचसे फसले. साक्षरता वर्गाला पहिले काही दिवस गर्दी होई, नंतर वर्ग ओस पडत. दिवसभर राबून आलेल्या मजुराला अक्षरांत आपल्या पोटाशी संबंधित काही दिसत नव्हते. त्याहून मोठा धडा मिळाला तो गाव या कल्पनेबद्दल. सगळ्या गावासाठी म्हणून जे दिले जाई, ते गावातल्या बड्या घरांकडे जाऊन पोचे. पाण्याच्या पंपावर, खतावर आणि सरकारी धान्यावर कोण हात मारतो, याची संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दहा गावांत बारकाईने टिपणे काढली. ती १९८० साली ‘जाळे’ या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आली. सावकार, जमीनदार, ठेकेदार आणि कार्यालयातला बाबू एकमेकांना कसे बांधलेले असतात, याचे ते सरळ, नावागावानिशी केलेले वर्णन होते. आपल्याकडच्या कुठल्याही दुष्काळी तालुक्यात काम केलेल्या माणसाला ते वाचताना फारसे परके वाटणार नाही.

त्यानंतर संस्थेने गाव सोडले आणि माणूस धरला. अर्ध्या एकराहून कमी जमीन आणि वर्षाला किमान शंभर दिवस दुसऱ्याकडे मजुरी, एवढ्या दोन कसोट्या. त्यात बसणाऱ्यांचीच ग्राम संघटना बांधायची आणि हळूहळू बायकांचीच जास्त, कारण घरातली चूल पेटते की नाही याची काळजी बाईलाच असते. याच सुमारास, १९८० साली, आबेद यांना समाज नेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आदल्याच वर्षी हा सन्मान आपल्या जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला होता. दोन्ही ठिकाणी कामाचा कणा एकच होता, गावातल्याच कमी शिकलेल्या बाईवर टाकलेला विश्वास.

कोंबडीची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ब्रॅकची सारी रीत त्या एका धंद्यात दिसते.

भूमिहीन बाईला करता येण्यासारखा धंदा म्हणजे कुक्कुटपालन. जागा लागत नाही, पडवीत भागते, अंडी विकून मीठमिरची सुटते. म्हणून बायकांनी कर्जे काढून कोंबड्या घेतल्या. पण शंभरातल्या पस्तीस-चाळीस कोंबड्या मरत. मानमोडीची साथ आली की एका आठवड्यात खुराडे रिकामे व्हायचे. कोंबड्या गेल्या तरी हप्ता मात्र चालूच राहायचा. अशा वेळी कर्ज देणारी संस्था सहसा वसुलीचा तगादा वाढवते. ब्रॅकने मानिकगंज जिल्ह्यात विचारले की कोंबड्या का मरतात? लस सरकारकडे होती आणि फुकट होती, पण ती गावात पोचत नव्हती. मग प्रत्येक गावातून एक बाई निवडली, तिला पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले, लस पोचवायची व्यवस्था लावली. पहाटे, कोंबड्या बाहेर पडायच्या आत ती घरोघर जाऊन लस टोची आणि कोंबडीमागे थोडेसे पैसे घेई. हा तिचा धंदा झाला.

मर कमी झाली तशी पुढची अडचण दिसली. गावठी कोंबडी अंडी कमी देते. सुधारित जातीची पिल्ले आणावीत तर एक दिवसाचे पिल्लू पाळणे प्रत्येकीला जमत नाही. मग काही जणींनी फक्त पिल्ले दोन महिन्यांची करून विकायची, काहींनी छोटी उबवणी घालायची, काहींनी खाद्य मिसळून विकायचे, काहींनी घरोघरची अंडी गोळा करून बाजारात न्यायची अशी कामाची वाटणी झाली. एकाच गावात पाच-सहा वेगवेगळे धंदे उभे राहिले आणि प्रत्येकीचे गिऱ्हाईक शेजारच्या अंगणातच होते. कर्ज प्रत्येकीला लागले, पण तिला तिचे काम कोणीतरी हाताला धरून शिकवले होते आणि अडले तर कोणाला विचारायचे हे तिला ठाऊक होते. पुढे गायीच्या बाबतीत संस्थेने हेच केले. कृत्रिम रेतन करणारे गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले, दूध थंड करण्याची केंद्रे उघडली आणि १९९८ साली स्वतःची डेअरी काढली.

बाजाराचा धडा त्याआधीच, रेशमाने दिला होता. मानिकगंजच्या बायका रेशीम काढू लागल्या. माल ढाक्यातल्या दुकानांत ठेवला जाई आणि तो विकला गेल्यावर, म्हणजे कधी कधी काही महिन्यांनी, पैसे मिळत. ज्या घरात आजच्या मजुरीवर आजचा भात शिजतो, तिथे असली उधारी परवडत नाही. म्हणून १९७८ साली ब्रॅकने ‘आडोंग’ हे आपले दुकान काढले. माल दिला की पैसे हातात, हा त्याचा पहिला नियम. जमालपूरची कांथा, जामदानी, मातीची भांडी, पितळकाम असे सारे तिथे येऊ लागले. आबेद यांच्या पत्नी आयेशा या कामात अगदी आरंभापासून होत्या. १९८१ साली त्या गेल्या. त्यांच्या नावाने १९८३ मध्ये मानिकगंजला सुरू झालेल्या केंद्रात शिवणकाम, भरतकाम आणि छपाई होते आणि तशी केंद्रे पुढे अनेक जिल्ह्यांत निघाली. आडोंगशी जोडलेल्या कारागिरांची संख्या साठ हजारांच्या वर गेली. ढाक्यातल्या नोकरदार घरात लग्नाची साडी आज आडोंगमधून येते. आडोंग, डेअरी आणि कर्जव्यवहार यांच्या उत्पन्नातून संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग निघू लागला आणि देणगीदारांच्या मर्जीवरचे अवलंबन घटले.

शिकवायचे कसे, हे मात्र ब्रॅक धंद्याच्या कामात शिकली नाही. ते शिकली हगवणीने दगावणाऱ्या पोरांसाठी काम करताना. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि प्रत्येक आईला तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे मिश्रण करून दाखवले, तिच्याकडून करवून घेतले. कार्यकर्तीचा पगार किती घरे केली यावर नव्हता. महिनाभराने दुसरा माणूस जाऊन काही घरे तपासायचा, आईला काय आठवते, तिने केलेल्या पाण्यात मीठ किती, हे पाहायचा आणि त्या गुणांवर कार्यकर्तीचे पैसे ठरायचे. तरीही पहिल्या तपासणीत आढळले की आयांना येते सगळे, पण मूल आजारी पडल्यावर देतात थोड्याच जणी. शोध घेतला तेव्हा कळले की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता भरवसा नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना प्रयोगशाळेत नेऊन शास्त्र समजावले, बाजारात आणि मशिदीत पुरुषांच्या सभा घेतल्या. प्रशिक्षणाच्या उपस्थितीपत्रकावर समाधान मानणाऱ्या आपल्याकडच्या योजनांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

नव्वदच्या दशकात कर्जाचे काम देशभर पसरले. ग्रामीण बँक, ब्रॅक, आशा आणि इतर कितीतरी संस्था एकाच गावात कर्जे देऊ लागल्या. या काळाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. कर्जामुळे पुष्कळ घरे वर आली, पण एका संस्थेचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज काढायचे, अशी याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याची वेळही पुष्कळांवर आली. वसुलीचा ताण गटातल्याच बायकांनी एकमेकींवर टाकला. ब्रॅकचे स्वतःचे काही मोठे बेतही फसले. भूमिहीनांच्या गटांना खोल कूपनलिकांचे मालक करायचे आणि त्यांनी शेतकऱ्यांना पाणी विकायचे, ही योजना कागदावर सुंदर होती, पण तोट्यात गेली आणि गुंडाळावी लागली.

सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट होती ती कर्ज न घेणाऱ्यांची. गावातली सर्वांत गरीब बाई ग्राम संघटनेत येतच नव्हती. तिला हप्त्याची भीती वाटे. गटातल्या बाकीच्या जणींनाही ती नको असे, कारण ती बुडवील ही धास्ती. नवऱ्याने टाकलेली, विधवा, दुसऱ्याच्या घरी भांडी घासून भात मिळवणारी, अशा या बायका. जागतिक अन्न कार्यक्रमातून अशा निराधार बायकांना दोन वर्षे महिन्याला ३१.२५ किलो गहू मिळत असे. १९८५ पासून ब्रॅकने त्या गव्हाला कोंबडीपालनाचे प्रशिक्षण, बचत आणि नंतर छोटे कर्ज जोडून पाहिले. गहू चालू असेपर्यंत बरे चाले. तो थांबला की अनेक जणी पुन्हा मागच्या जागी जात.

या अनुभवातून २००२ साली अतिगरिबांसाठीचा नवा कार्यक्रम निघाला. सुरुवात रंगपूर, नीलफामारी आणि कुडीग्राम या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत झाली. आश्विन-कार्तिकात, भाताची लावणी आटोपून कापणी सुरू व्हायच्या मधल्या काळात तिथे मजुरी मिळत नाही. त्या उपासमारीला तिथे ‘मोंगा’ म्हणतात. कुडीग्राममधल्याच रौमारीत १९७४ च्या दुष्काळात ब्रॅकने पोरांना जेवू घातले होते.

कार्यक्रमाची मूळ पद्धत अशी. कार्यकर्ते गावात जाऊन गावकऱ्यांकडूनच जमिनीवर गावाचा नकाशा काढून घेतात आणि घरे गरिबीच्या क्रमाने लावायला सांगतात. तळातली घरे मग एकेक करून तपासली जातात. दहा डिसिमलहून (एकराच्या दहाव्या भागाहून) कमी जमीन, कमावता पुरुष नाही, मूल मजुरीला जाते, अशा खुणांवर निवड होते. निवडलेल्या बाईला एक-दोन गायी, किंवा शेळ्या, किंवा कोंबड्या, किंवा छोट्या दुकानाचा माल दिला जातो आणि तो परत करायचा नसतो. गाय दूध देईपर्यंत ती विकायची पाळी येऊ नये म्हणून काही महिने दर आठवड्याला थोडी रक्कम मिळते. औषधपाण्याची सोय असते. थोडी बचत करावी लागते. आणि दर आठवड्याला कार्यकर्ता तिच्या दारात येतो. गायीचे खाणे, तिचे आजारपण, हिशेब, पोराची शाळा, संडास, सही करायला शिकणे, सगळे त्या भेटीत येते. असे दोन वर्षे.

गावातल्या प्रतिष्ठितांची एक समितीही नेमली जाते. ‘जाळे’ लिहिणाऱ्या संस्थेने वीस वर्षांनी त्याच वर्गातल्या माणसांना बोलावून सांगितले की या बाईची गाय चोरीला जाणार नाही, तिच्या झोपडीवरून तिला कोणी हुसकावणार नाही, हे तुम्ही बघायचे. पुष्कळ ठिकाणी त्यांनी ते बघितले. संघर्ष करण्याजोगे बळ नसलेल्या माणसासाठी संरक्षणाची जबाबदारी गावावर टाकणे, हा निर्णय मला संस्थेच्या प्रौढपणाची खूण वाटतो.

याचा उपयोग झाला का, हे संस्थेने बाहेरच्या अभ्यासकांना तपासू दिले. १,३०९ खेड्यांत काही वर्षे केलेल्या पाहणीत दिसले की धुणीभांडी आणि शेतमजुरी करणाऱ्या बायका स्वतःच्या जनावरांकडे वळल्या आणि चार वर्षांनी त्यांची कमाई कार्यक्रमात नसलेल्या तशाच बायकांपेक्षा २१ टक्क्यांनी जास्त होती. याच माहितीवरून २०२२ मध्ये आणखी एक निष्कर्ष निघाला. मिळालेली मालमत्ता एका मर्यादेच्या वर असेल तर बाई चढत जाते, खाली असेल तर पुन्हा घसरते. थोडे थोडे सगळ्यांना वाटण्याची आपली सवय इथे तपासून घ्यावी लागेल.

इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांवर लोकांमध्ये हाच प्रयोग झाला आणि त्याचे निकाल २०१५ साली आले. बहुतेक ठिकाणी खाणे, मालमत्ता आणि बचत वाढली. होंडुरासमध्ये मात्र वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथली खुराडी रिकामी झाली. मानिकगंजच्या बायकांनी त्याच्या तीस वर्षे आधी हेच भोगले होते. भारतातला प्रयोग पश्चिम बंगालमध्ये ‘बंधन’ या संस्थेने केला. तिचे संस्थापक चंद्रशेखर घोष यांची उमेदवारी ब्रॅकमध्येच झाली होती. तिथल्या कुटुंबांचा फायदा दहा वर्षांनीही टिकून असल्याचे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. बिहार सरकारने २०१८ मध्ये आपल्या ‘जीविका’ अभियानाच्या बचत गटांमार्फत सतत जीविकोपार्जन योजना सुरू केली, ती याच मुशीतली.

ब्रॅक स्वतः २००२ मध्ये अफगाणिस्तानात गेली. नंतर युगांडा, टांझानिया, सिएरा लिओन, लायबेरिया अशी आफ्रिकेतही पोचली. युगांडात तिने किशोरवयीन मुलींची मंडळे काढली. तिथे शिवण, केशरचना, शेती अशी कामे शिकवतात आणि शरीराची, हक्कांची माहितीही देतात. बांगलादेशात अतिगरिबांच्या कार्यक्रमातून वीस लाखांवर कुटुंबे गेली आहेत. आबेदभाईंनी २०१९ साली अध्यक्षपद सोडले आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला ढाक्यात त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये संस्थेने पन्नाशी गाठली.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या बहुतेक जणी गटाच्या अध्यक्षा, सचिव, सीआरपी ताई, ग्रामसंघाच्या पदाधिकारी असतील. त्यांना एक विनंती आहे. पुढच्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाचे अर्ज वाचून झाले की थोडा वेळ काढा आणि गावातल्या ज्या बाईने आजवर एकही अर्ज केलेला नाही, जी गटातच नाही, तिचे नाव वहीत लिहा. त्या आठवड्यात दोघींनी तिच्या घरी जाऊन यावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.